भगवानदादांची पावले

आपल्या मंडळाला यंदा 25 वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी कोणा गाजलेल्या व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाण्याची यादी आणि डब्यांचा हिशेब याखेरीज हातात पेन धरण्याचा प्रसंग माझ्यावर येत नाही. साधुसंतांवर आणि पुढाऱ्यांवर लिहिणाऱ्या शिकलेल्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी ठरविले की ज्यांचा नाच आपण सर्वजणी कधी ना कधी नाचलो आहोत, त्या मास्टर भगवान यांच्याविषयी चार शब्द लिहावेत. सिनेमावाल्याचे चरित्र कशाला, असे कोणाला वाटेल. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

भगवानदादांचे पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. त्यांचा जन्म 1 ऑगस्ट 1913 रोजी अमरावतीस झाला. वडील कापडगिरणीत कामगार. पुढे हे कुटुंब मुंबईस आले आणि दादर-परळच्या गिरणगावातच भगवान लहानाचे मोठे झाले. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण फारसे झाले नाही. लवकरच मजुरीची कामे करावी लागली. मुलाला दोनच नाद होते, एक कुस्तीचा आणि दुसरा सिनेमाचा. त्या काळी पडद्यावरची माणसे बोलत नसत. तोंडाने काही न बोलता नुसत्या अंगाने आणि चेहऱ्याने सारे सांगायचे, हीच त्यांची शाळा झाली. मूकपटांतच त्यांना पहिली कामे मिळाली. पुढे त्यांच्या नाचाने जे नाव काढले त्याचे मूळ मला तरी या शाळेत दिसते.

काम मिळाले म्हणून ते नुसत्या नटाच्या कामावर थांबले नाहीत. कॅमेरा कसा चालतो, चित्रपट कसा जोडतात, कपडे कसे बेततात, हे सारे त्यांनी पाहून पाहून शिकून घेतले. 1938 साली 'बहादुर किसान' या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी चंद्रराव कदम यांच्या जोडीने केले. त्यानंतरची दहाबारा वर्षे ते मारामारीचे, साहसाचे, थोड्या खर्चाचे चित्रपट काढीत राहिले. 1941 साली त्यांनी 'वनमोहिनी' नावाचा एक तमिळ चित्रपटही काढला. एक आख्खा चित्रपट त्यांनी 65 हजार रुपयांत बसवला होता, असे सांगतात. कपड्यांचा बेत आणि नटमंडळींच्या जेवणाची सोयदेखील तेच बघत. भगिनींनो, थोड्या पैशात मोठा पंगतीचा घाट घालणे म्हणजे काय, ते आपल्याला कोणी शिकवायला नको! या चित्रपटांवर शिकलेल्या लोकांनी फारसे लिहिले नाही. पण दिवसभर गिरणीत राबलेला कामगार संध्याकाळी चार आणे मोडून ते बघायला जाई. लोक त्यांना दादा म्हणू लागले.

आता एक गोष्ट लिहिताना माझा हात थोडा अडखळतो, परंतु चरित्र लिहायचे तर चांगले तेवढेच लिहून चालणार नाही. 1942 साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या वेळी भगवानदादांना ललिताबाई पवारांच्या थोबाडीत मारण्याचा प्रसंग करायचा होता. नाटकातली थोबाडीत मारताना हात आवरावा लागतो. तो आवरला गेला नाही. तडाखा असा बसला की ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. तीन वर्षे औषधोपचार चालले. तोवर नायिकेची कामे करणाऱ्या त्या बाईंना पुढे नायिकेची कामे मिळाली नाहीत. तरी त्या घरी बसल्या नाहीत. खाष्ट सासू, कजाग बाई, प्रेमळ घरमालकीण अशी कामे त्यांनी एवढी उत्तम केली की 'अनाडी' चित्रपटातली त्यांची डिसा बाई आणि दूरदर्शनच्या रामायणातली मंथरा कोणीच विसरलेले नाही. भगवानदादांच्या चरित्रात ललिताबाईंचे हे पान लावायलाच हवे. चूक एका क्षणाची होती, आणि ती भोगली दुसऱ्याच बाईने, जन्मभर.

1942 मध्येच भगवानदादा स्वतः निर्माते झाले. 1947 साली त्यांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. गिरणी कामगाराच्या मुलाचा स्वतःचा स्टुडिओ! तरी ते मारामारीचेच चित्रपट काढीत होते. तेव्हा राज कपूर यांनी त्यांना एखादा सामाजिक, घरगुती चित्रपट काढण्याचा सल्ला दिला. दादांनी तो मानला आणि 1951 साली 'अलबेला' आला. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच आणि नायकही तेच.

त्यांचा हा नायक दिसायला कसा होता बघा. ठेंगणा, अंगाने भरलेला, गोल चेहऱ्याचा. रस्त्यात दिसला असता तर कोणी वळून पाहिले नसते. गोष्टही साधी आहे. गरिबाघरचा मुलगा, डोक्यात नाटकाचे वेड, त्यापायी घरातून बाहेर पडावे लागते आणि मग तो रंगभूमीवर नाव काढतो. सोबत नायिका गीता बाली. संगीत सी. रामचंद्रांचे. हे सी. रामचंद्र म्हणजे आपले नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. भगवानदादांची आणि त्यांची दोस्ती जुनी, 1942 सालच्या 'सुखी जीवन' या चित्रपटापासूनची. चीनच्या युद्धानंतर 1963 साली दिल्लीत लताबाईंनी जे गाणे गायिले आणि सर्वांच्या डोळ्यांत पाणी आणले, त्याची चाल यांचीच. 'अलबेला'मध्ये चितळकरांनी स्वतः लताबाईंबरोबर गाणीही म्हटली आहेत. आपण मुलांना ज्या अंगाईने निजवले ती याच चित्रपटातली.

त्यातले 'शोला जो भडके' हे नाचाचे गाणे सर्वांना ठाऊक आहे. दूरच्या हवाई बेटावरचा देखावा, तसलेच कपडे, आणि बोंगो नावाच्या जोडवाद्याचा ठेका. सभोवती नाचणाऱ्या मुली आहेत, मध्ये गीता बाली आणि भगवानदादा. गीता बालीचे डोळे, मान, खांदे सारे काही बोलते. बाई जणू पारा! आणि दादा? ते जवळजवळ काहीच करीत नाहीत. हात कोपरात वाकवलेले, पाऊल जेमतेम उचललेले, अंग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. चेहऱ्यावर हसू. उडी नाही, गिरकी नाही. पण ठेका कसा नेमका धरलेला! मी हे गाणे सासूबाईंबरोबर टीव्हीवर कितीदा तरी बघितले आहे, आणि दरवेळी माझी नजर दादांवरून हलत नाही. चांगल्या नर्तकीचा नाच बघताना वाटते, आपल्याला हे सात जन्मांत जमणार नाही. दादांचा नाच बघताना वाटते, उठावे आणि आपणही करावे. म्हणूनच लग्नाच्या वरातीत, हळदीत, गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाचता येत नाही तो हटकून हाच नाच नाचतो. अमिताभ बच्चन यांच्यासारख्या मोठ्या नटांनीही ही पावले उचलली, असे जाणकार सांगतात.

त्या वर्षी 'आवारा' आणि 'बाजी' यांच्या बरोबरीने 'अलबेला' गाजला. पैसा आला आणि दादांनी तो मोकळ्या हाताने खर्चलाही. जुहूला समुद्रासमोर 25 खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी, असे त्यांचे वैभव सांगतात.

वैभव मात्र टिकले नाही. तीच जोडी, तेच संगीतकार घेऊन 1953 साली त्यांनी 'झमेला' काढला. तो पहिल्यासारखा चालला नाही. 'लाबेला'ने तर निराशाच केली. पुढचे बेतही फसले. एका चित्रपटाची कमाई दुसऱ्यात आणि दुसऱ्याचे कर्ज तिसऱ्यावर, असे चक्र एकदा सुरू झाले की ते घरादारावर येऊन थांबते. बंगला विकला गेला. मोटारी गेल्या. स्टुडिओही गेला. गीता बालीही फार जगली नाही. 1965 साली देवी येऊन ती पस्तिशीच्या आतच वारली. भगवानदादा आपल्या कुटुंबासह दादरच्या चाळीत दोन खोल्यांत राहायला आले, म्हणजे जिथून निघाले होते तिथेच.

यापुढचे आयुष्य मला फार मोलाचे वाटते. ज्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता ते दादा दुसऱ्यांच्या स्टुडिओत लहानसहान कामासाठी जाऊ लागले. 'झनक झनक पायल बाजे' आणि 'चोरी चोरी' अशा मोठ्या चित्रपटांतून त्यांनी छोटी कामे केली होती. पुढे तर कामे आणखी बारीक होत गेली. कधी गर्दीतला एक माणूस, कधी चार पावले नाचण्यापुरते दर्शन. मिळेल ते काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. सुखाच्या दिवसांत भोवती असलेली माणसे पांगली. सी. रामचंद्र, ओम प्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण मात्र चाळीत त्यांना भेटायला येत राहिले. सी. रामचंद्र 1982 साली गेले.

माझ्या सासूबाईंचे माहेर दादरचे. त्या गणपतीला माहेरी जात तेव्हाची हकीकत त्या अजून सांगतात. विसर्जनाची मिरवणूक दादांच्या चाळीपाशी आली की थांबायची. बँडवाले 'अलबेला'चा ठेका धरायचे आणि पोरे दादांचीच पावले दादांसमोर नाचायची. बंगला घेणारा बंगला घेऊन गेला, मोटारी घेणारे मोटारी घेऊन गेले. हा नाच कोणी घेऊन जाऊ शकले नाही, कारण तो आधीच सगळ्यांच्या पायांत गेला होता.

4 फेब्रुवारी 2002 रोजी दादरच्या राहत्या घरीच हृदयविकाराच्या झटक्याने भगवानदादांचे निधन झाले. वय 88. 2016 साली त्यांच्या आयुष्यावर 'एक अलबेला' नावाचा मराठी चित्रपट निघाला. त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली.

आता मी हे सारे का लिहिले ते सांगते. जुन्या सभासदांना ठाऊक आहे की सात वर्षांपूर्वी आमचा धंदा बसला. स्वतःचा ब्लॉक विकून आम्ही इथल्या भाड्याच्या खोलीत आलो. पहिले वर्षभर मी मंडळात पाऊल टाकले नाही. हळदीकुंकवाची बोलावणी आली तरी डोके दुखते म्हणून निरोप पाठवी. पोळीभाजीचे डबे करून द्याल का, असे शेजारच्या बाईंनी विचारले तर मला रात्रभर रडू आले. कालपर्यंत माझ्याच घरी पोळ्या लाटायला बाई येत होती. तेव्हा सासूबाईंनी एका दुपारी टीव्हीवर दादांचे गाणे लागले असताना ही सर्व हकीकत मला सांगितली. उपदेश असा काही केला नाही. गोष्ट संपवून त्या लसूण सोलीत बसल्या.

मी दुसऱ्या दिवशी चार डब्यांची कणीक मळली. आज माझे बावीस डबे जातात. ब्लॉक परत आलेला नाही आणि येईलसे दिसतही नाही. पण मंडळाच्या मागच्या गणेशोत्सवात ज्या बाईने कधी अंगणातही फेर धरला नव्हता, ती मी सर्वांदेखत नाचले. पावले कोणाची होती, ते तुम्ही पाहिलेच आहे.

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात शेवटी सर्वांनी मिळून नाचायचे ठरले आहे. नाच येत नाही म्हणून मागे बसणाऱ्या भगिनींना माझा आग्रह आहे, त्यांनीही उठावे. हात कोपरात वाकवावेत, पाऊल जेमतेम उचलावे आणि ठेका सोडू नये. सासूबाईंना मी खुर्चीवर पुढेच बसवणार आहे.

लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.

एक सभासद