अतिशीताचा उपासक

वैशाख महिना आला, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरच्या परिसरात ऊन नुसते भाजून काढते. माध्यान्ही पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी ओसरीवरील माठातले पाणी मात्र गार असते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना आतल्या पाण्यातील उष्णता आपल्याबरोबर नेते. हे साधे तत्त्व आपल्या कुंभारांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. याच तत्त्वाची कास धरून एक शास्त्रज्ञ, पूर्वी कोणीही पोहोचले नव्हते अशा थंडीपर्यंत पायरीपायरीने उतरले. त्यांचे नाव हाइके कामरलिंग ओनेस.

ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी हॉलंडमधील ग्रोनिंगेन या गावी झाला. त्यांच्या वडिलांचा विटांचा कारखाना होता. प्रकृती लहानपणापासूनच नाजूक. परंतु बुद्धी तल्लख आणि चिकाटी दांडगी. ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात प्रवेश घेतल्यावर ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेले व तेथे बुन्सेन आणि किर्खोफ या थोर शास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकले. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा पुरावा लंबकाच्या साहाय्याने देणारा प्रबंध लिहून १८७९ साली त्यांनी डॉक्टर ही पदवी संपादन केली. पुढे १८८२ साली, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, लायडेन विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

केवळ तर्काने निसर्गाचे ज्ञान होत नाही. त्यासाठी अचूक मोजमाप करावे लागते, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. वायू अतिशय थंड केला असता तो द्रव होतो. अशा अतिशीत अवस्थेत पदार्थांचे गुणधर्म कसे बदलतात, हे मोजून पाहावे असा संकल्प त्यांनी केला. त्यासाठी त्यांनी थंडीचा जणू एक जिनाच बांधला. एक वायू द्रव करावयाचा, कमी दाबाखाली त्याची वाफ होऊ द्यावयाची आणि त्यामुळे आलेल्या थंडीत दुसरा वायू द्रव करावयाचा, असा तो क्रम होता. मेथिल क्लोराइड, एथिलीन आणि ऑक्सिजन या पायऱ्या उतरून १८९४ च्या सुमारास त्यांनी हवाच द्रवरूपात आणली.

पण याच वेळी एक मोठे विघ्न उभे राहिले. १८०७ साली लायडेन शहरात दारूगोळ्याने भरलेल्या एका जहाजाचा भयंकर स्फोट झाला होता. त्यात शहराचा एक भाग उद्ध्वस्त झाला आणि सुमारे दीडशे माणसे प्राणास मुकली. ओनेस यांची प्रयोगशाळा त्याच उद्ध्वस्त भागात उभी होती. मोठ्या दाबाखाली वायू भरलेली भांडी तेथे आहेत, हे कळताच नागरिकांच्या मनात जुने भय जागे झाले. चौकशी सुरू झाली आणि काम थांबले. नागरिकांचे भय अगदीच अनाठायी होते, असे म्हणता येणार नाही; तथापि ओनेस यांची उमेदीची वर्षे त्यात गेली. १८९८ साली परवानगी मिळाली. परंतु त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रव करून दाखविला. ओनेस यांना तेथवर पोहोचण्यास १९०६ साल उजाडले.

दुसरा एखादा असता, तर निराश झाला असता. ओनेस यांनी मात्र पाया भक्कम करण्याकडे लक्ष दिले. उत्तम उपकरणांवाचून उत्तम प्रयोग होत नाहीत, हे जाणून त्यांनी १९०१ साली उपकरणे घडविणाऱ्या कारागिरांची शाळा काढली. तेथे तरुण मुले काच फुंकण्याचे व धातुकामाचे शिक्षण घेत आणि प्रयोगशाळेतही राबत. फ्लिम नावाचे कुशल यंत्रज्ञ हे तर ओनेस यांचा उजवा हात होते.

आता हेलियम हा एकच वायू जिंकावयाचा उरला होता. १० जुलै १९०८ रोजी पहाटे पावणेसहा वाजता कामास आरंभ झाला. दुपारपर्यंत पुरेसा द्रव हायड्रोजन तयार झाला. त्याच्या थंडीत दाबलेला हेलियम अरुंद वाटेने एकदम मोकळा सोडावयाचा, म्हणजे तो आणखी थंड होतो, अशी योजना होती. सायंकाळ झाली, तरी पात्रात काही दिसेना. तापमापक एका अंकावर खिळून राहिला होता. तेव्हा प्रयोग पाहावयास आलेल्या श्राइनेमाकर्स या सहकाऱ्यांनी सुचविले, की तापमापक कदाचित द्रवातच बुडालेला असेल. खालून प्रकाश टाकताच द्रवाचा पृष्ठभाग स्पष्ट दिसला! सुमारे ६० घनसेंटीमीटर द्रव हेलियम तेथे जमला होता. त्याचे तापमान शून्याखाली २६९ अंश होते.

या यशानंतर ओनेस यांनी आपला मूळ प्रश्न हाती घेतला. अतिशीत धातूतून वीज कशी वाहते? तारेतून वाहताना विजेला विरोध होतो. त्यास रोध म्हणतात. काहींच्या मते अतिशीत अवस्थेत रोध अपार वाढावयास हवा होता. काहींच्या मते तो हळूहळू घटावयास हवा होता. ओनेस यांनी पारा निवडला, कारण तो अत्यंत शुद्ध करता येतो. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याचा रोध जवळजवळ शून्य झालेला आढळला. पुन्हा पुन्हा मोजमाप केल्यावर दिसले, की तो हळूहळू घटत नसून शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर एकाएकी नाहीसा होतो. यासच आपण अतिवाहकता म्हणतो. ती मोजमापे गिलेस होल्स्ट या तरुण सहायकांनी केली होती. ओनेस यांनी लेखात त्यांचा उल्लेख केला. परंतु लेखक म्हणून नाव एकट्या ओनेस यांचेच राहिले. त्या काळची रीतच तशी होती. तरीही हा शोध अनेकांच्या हातांनी लागला, हे आपण विसरता कामा नये.

१९१३ साली ओनेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी त्यांनी एक मनोहर प्रयोग केला. शिशाच्या तारेच्या बंद वेटोळ्यात वीज खेळती करून ते द्रव हेलियममध्ये ठेवले. कोणतीही बॅटरी जोडलेली नसताना ती वीज तासन्‌तास फिरत राहिली. डोळ्यांना ती दिसत नव्हती. परंतु पात्राबाहेरील होकायंत्राची सुई वळलेलीच राहून तिची साक्ष देत होती.

१९२३ साली ते सेवानिवृत्त झाले आणि २१ फेब्रुवारी १९२६ रोजी लायडेन येथे त्यांनी देह ठेवला. अतिवाहक तारांचे प्रचंड शक्तीचे चुंबक बनविण्याचे त्यांचे स्वप्न त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, कारण प्रबळ चुंबकत्वाने अतिवाहकताच नष्ट होते, असे त्यांना आढळले होते. ते चुंबक पुढे नव्या मिश्रधातूंनी साध्य केले, रुग्णालयांतील एम. आर. आय. यंत्रात आज तेच असतात.

त्यांनी दाखविलेली वाट पुढे लांबवर गेली. १९८६ साली बेडनॉर्झ व म्युलर यांना ऑक्साइडांमध्ये अतिवाहकता सापडली. १९९४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी बोरॉन व कार्बनयुक्त नव्या अतिवाहकांचा शोध लावला. २००७ साली तर वीज न वाहणाऱ्या दोन ऑक्साइडांचे थर एकमेकांवर बसविले असता त्यांच्या सांध्यात अतिवाहकता प्रकटली. ती सांध्यात नेमकी कोठे वसते, हे पाहण्यासाठी स्क्विड नावाचे चिमुकले अतिवाहक कडे वापरतात. शेतकरी जसा शेतात एकामागून एक तास धरून नांगर चालवितो, तसे हे कडे थरावरून ओळीओळीने फिरते आणि ठिकठिकाणचे सूक्ष्म चुंबकत्व टिपते. त्या नोंदींतून चित्र उमटते. अशाच चित्रांतून २०११ साली दिसून आले, की एकाच सांध्यात काही ठिकाणी चुंबकत्व आणि काही ठिकाणी अतिवाहकता शेजारी शेजारी नांदतात.

ओनेस यांच्या होकायंत्राची सुई आणि हे चिमुकले कडे यांचे काम एकच आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, ते चुंबकाकरवी जाणून घ्यावयाचे आणि धीराने, अचूकपणे मोजावयाचे. विघ्ने आली तरी मोजमापाचा हा धर्म न सोडणे, हीच ओनेस यांच्या जीवनाची थोर शिकवण होय.