मराठीत व्हॅम्पायर आणायचा तर शवपेटी कुठून आणायची? नारायण धारपांनी हा उद्योग अंगावर घेतला होता

कसारा लोकल टिटवाळा सोडते आणि पुढचं स्टेशन येतं खडवली. जवळच भातसा नदी. समजा, एका संध्याकाळी इथे काउंट ड्रॅक्युला उतरला.

गड्याची पहिल्याच दिवशी पंचाईत होणार. ब्रॅम स्टोकरने १८९७ च्या कादंबरीत घालून दिलेल्या नियमांप्रमाणे त्याला विसाव्यासाठी आपल्या मायदेशाच्या मातीत, पेटीत पडून राहावं लागतं. भरती-ओहोटीची वेळ सोडली तर वाहतं पाणी त्याला स्वतःहून ओलांडता येत नाही, म्हणजे भातसेने अडवलाच. क्रूसाला तो घाबरतो, पण इथे दारावर गणपती आणि लिंबू-मिरची. एकच गोष्ट त्याच्या सोयीची. आमंत्रणाशिवाय त्याला घरात शिरता येत नाही, आणि आपल्याकडे दारात कुणी दिसलं की तोंडातून आपोआप निघतं, या ना आत, चहा टाकते.

पण खरी अडचण वेगळीच. व्हॅम्पायर म्हणजे पुरलेलं प्रेत उठून आलेलं. त्याला शरीर लागतं. आपल्याकडे बहुतेक घरांत माणूस गेला की त्याला नदीकाठी अग्नी देतात. उठून बसायला उरतं काय? म्हणूनच आपली भुतं शरीरावर नाही, तर अडकलेल्या इच्छेवर जगतात. मुंजा पिंपळावर बसतो, समंध पुरलेलं धन राखतो, हडळीचे पाय उलटे असतात. वेताळ तेवढा प्रेतात शिरतो, पण तोही राजाला कोडी घालतो, मानेचा चावा घेत नाही. तरी रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं.

बर्टनने केलं त्याच्या उलट काम मराठीत एका माणसाने केलं. नारायण धारप.

२७ ऑगस्ट १९२५ चा जन्म. शंभराहून जास्त पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. विज्ञानकथाही लिहिल्या, पण लोकांच्या मनात ते बसले भयकथेमुळे. एका पिढीने ही पुस्तकं सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणून, रात्री पांघरुणात वाचली आणि मग पाणी प्यायला उठायचीही हिंमत झाली नाही. समीक्षकांनी मात्र या ढिगाकडे फारसं पाहिलं नाही. भुताची पुस्तकं म्हणजे टाइमपास, असा एक शिक्का असतो, तो धारपांवरही बसला.

‘लुचाई’ ही त्यांची कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली. किंगने १९७५ साली स्वतः एक धाडस केलं होतं. ड्रॅक्युलाला युरोपातल्या किल्ल्यातून काढून अमेरिकेतल्या एका छोट्या गावात आणून सोडलं, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि एकमेकांची लफडीही जाणतात. त्या कादंबरीत एक पाद्री आहे. क्रूस हातात असूनही तो हरतो, कारण ऐन वेळी त्याची श्रद्धा डगमगते. ताकद लाकडात नाही, धरणाऱ्यात आहे. हे एकदा मान्य केलं की क्रूसाच्या जागी दुसरं काहीही येऊ शकतं आणि गोष्ट मराठीत यायला वाट मोकळी होते.

ती वाट धारपांच्या चांगलीच ओळखीची होती. त्यांचा सगळ्यात लाडका नायक ‘समर्थ’ याच जातकुळीचा. दुष्ट शक्तीपुढे तो उभा राहतो तो साधनेच्या बळावर. वाचक भूत विसरले असतील, समर्थांना विसरले नाहीत.

आता दुसरी बाजू. उसनवारीची. धारपांची ‘शपथ’ किंगच्या ‘इट’वरून आली, ‘आजी’ ही कथा त्याच्याच ‘ग्रॅमा’वरून. मराठीत रूपांतराची परंपरा जुनी, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांपासूनची. पण तेव्हाच्या साध्या वाचकाला मूळ गोष्ट कुणाची हे कळायला मार्ग नव्हता. आज गूगल आहे, त्यामुळे धारपांचं नाव निघालं की हा हिशोब कुणीतरी काढतंच. तो काढायलाही हवा. कथानक दुसऱ्याचं असेल तर श्रेय त्याचंच. मात्र त्याच हिशोबात हेही धरावं लागेल की किंगने स्टोकरचं ऋण घेतलं होतं, आणि स्टोकरच्याही २५ वर्षं आधी शेरिडन ले फॅनूची ‘कार्मिला’ येऊन गेली होती. फरक इतकाच की या मंडळींनी जुन्या कल्पनेवर नवं कथानक रचलं. धारपांनी काही वेळा कथानकच उचललं आणि आपली सगळी मेहनत ओतली ती मराठी घर, मराठी माणसं आणि मराठी भीती उभी करण्यात.

ती मेहनत फुकट गेली नाही, कारण व्हॅम्पायर जितका लोकप्रिय होत गेला तितका तो निरुपद्रवीही होत गेला. २००५ च्या ‘ट्वायलाइट’मध्ये तर तो शाळेत जातो, प्रेमात पडतो आणि उन्हात जळण्याऐवजी चमकतो. पोरींना आवडला, पण रात्री दार लावून घ्यावंसं कुणाला वाटेना. धारपांचा धाक टिकला.

१९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात राही अनिल बर्वे या तरुणाला मित्राने धारपांची एक गोष्ट सांगितली आणि त्याची पार गाळण उडाली. तिच्यातून पुढे २०१८ साली ‘तुंबाड’ आला. त्याच वर्षी ‘ग्रहण’ ही मालिकाही टीव्हीवर आली, तीही धारपांच्या कादंबरीवरून. यातलं काहीच पाहायला ते नव्हते. १८ ऑगस्ट २००८ रोजी, ८३ व्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना, ते गेले.

‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. सिनेमाचं नाव मात्र धारपांच्या कथेतलं नाही. ते श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलंय.