सेनापती बापट

पांडुरंग महादेव बापट ऊर्फ सेनापती बापट (जन्म : पारनेर, १२ नोव्हेंबर, १८८०, मृत्यू : २८ नोव्हेंबर, १९६७) हे सशस्त्र क्रांतिकारक, सत्याग्रही आणि मुळशी सत्याग्रहाचे नेते होते. जलविद्युत प्रकल्पासाठी बुडणाऱ्या गावांची बाजू घेऊन झालेला हा लढा जगातील धरणविरोधी चळवळींपैकी अगदी सुरुवातीचा मानला जातो.

== पूर्वायुष्य ==
पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदवीपर्यंतचे शिक्षण झाल्यावर १९०४ साली मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळवून बापट एडिंबरोस यंत्र अभियांत्रिकी शिकावयास गेले. तेथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध भाषण केल्याने शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनच्या इंडिया हाऊसशी संबंध आला. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबविद्या मिळवून ते १९०८ मध्ये स्वदेशी परतले. अलीपूर खटल्यातील माफीच्या साक्षीदाराने त्यांचे नाव सांगितल्यावर त्यांना भूमिगत व्हावे लागले. १९१२ मध्ये इंदूर येथे अटक आणि १९१५ मध्ये सुटका झाली.

== मुळशी सत्याग्रह ==
मुंबईच्या कापड गिरण्यांना स्वस्त वीज हवी होती. टाटा कंपनीने सह्याद्रीचे पाणी अडवून ते कोकणच्या बाजूस खाली सोडण्याची योजना हाती घेतली. खोपोलीचे वीजघर सुरू झालेलेच होते. त्यानंतर नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात धरण बांधण्याचे ठरले. मुळा मूळची पूर्वेस वाहणारी; तिचे पाणी पश्चिमेकडे वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे नेले जाणार होते. खोऱ्यातील सुमारे ५० गावे आणि ११,००० माणसे या योजनेने बाधित होत होती. भाताची, विशेषतः आंबेमोहराची ती उत्तम जमीन. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली ती कंपनीस मिळवून दिली.

प्रकल्पाच्या समर्थकांचे म्हणणे पोकळ नव्हते. भांडवल भारतीय होते आणि विजेमुळे कोळशाची बचत होणार होती. प्रश्न असा होता की देशी उद्योगाची किंमत केवळ मावळ्यांनीच का मोजावी? शिवाय मावळे एकजिनसी नव्हते. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या, आणि नुकसानभरपाईच्या रकमेकडे त्यांचे डोळे लागले होते. कसणाऱ्या कुळाच्या हाती त्यातले थोडेच पडणार होते. चळवळीची ही दुखरी बाजू पुढे फार बोलली गेली नाही.

१६ एप्रिल, १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास आरंभ झाला. शेकडो मावळे, त्यांत स्त्रियाही, धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम काही महिने थांबले. पण ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा तुरुंगवास, दंड व मारहाण सुरू झाली. विनायकराव भुस्कुटे यांच्यासह बापटांनी लढ्याचे नेतृत्व केले. स्वतः अभियांत्रिकीचा विद्यार्थी असलेला माणूस इंजिनियरांच्या कामाविरुद्ध उभा राहिला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. याच लढ्यातून त्यांना सेनापती हे नाव पडले.

बापटांचा सत्याग्रह गांधीजींच्या अहिंसेपेक्षा वेगळा होता. दिलेल्या शिक्षेस सामोरे जाण्याची तयारी असेल, तर मर्यादित हिंसाही शुद्ध ठरते, असे त्यांचे मत होते. जमिनी मोजल्या गेल्या, भरपाई वाटली गेली, शेतकरी एकेक करून मागे सरले. तेव्हा डिसेंबर १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांसह त्यांनी धरणाकडे जाणारी कामगारांची गाडी अडवून गोळीबार केला. त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. हे कृत्य धाडसाचे होते. पण गाडीत मजूरच होते, हेही विसरता येत नाही. सत्याग्रह तेथेच संपला.

धरण पुरे झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. विस्थापितांपैकी काही कुटुंबे अन्यत्र गेली. काही जलाशयाच्या काठावरील चढावर नव्याने वसली.

== उत्तरायुष्य ==
१९३१ मध्ये सुटल्यावर बापट पुन्हा राजकारणात उतरले आणि पुन्हा तुरुंगात गेले. श्रीअरविंदांच्या ‘द लाइफ डिव्हाइन’ या ग्रंथाचे त्यांनी मराठी भाषांतर केले. १५ ऑगस्ट, १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकावण्याचा मान त्यांना मिळाला. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात व त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, पंचाहत्तरीच्या आसपास, त्यांनी भाग घेतला. मुंबईतील सेनापती बापट मार्ग त्यांच्याच नावाचा. तो परळ-दादर भागातील जुन्या गिरण्यांच्या वस्तीतून जातो.