किनाऱ्याचे चित्रकार के. के. हेब्बर
बंगळुरूच्या वेंकटप्पा कलादालनात ज्यांची चित्रे जतन करण्यात आली आहेत, ते ख्यातनाम चित्रकार कट्टिंगेरी कृष्ण हेब्बर यांचा जन्म १९११ मध्ये उडुपीजवळच्या कट्टिंगेरी गावी झाला. नारळीची दाटी, लाल माती, धुवांधार पाऊस आणि रात्रभर रंगणारे यक्षगान, असा हा कोकणाला लागून दक्षिणेकडे गेलेला किनारा त्यांच्या मनात कायमचा ठसला.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे त्यांनी तेथेच अध्यापन केले. मात्र पाश्चात्त्य वास्तवदर्शी शैलीत त्यांचे मन रमेना. हस्तगत झालेली विद्या बाजूस सारणे सोपे नसते. हेब्बर यांनी ते धैर्य दाखविले आणि ते जैन पोथीचित्रांकडे व लघुचित्रांकडे वळले. १९४९-५० मध्ये पॅरिसला शिक्षण घेऊनही त्यांच्या चित्रांतील माणसे व भूमी इथलीच राहिली. गावाकडची कोंबड्यांची झुंजही त्यांनी रंगविली. रेषेतील लय उमगावी यासाठी ते कथक शिकले. नर्तकाची अवघी गिरकी मोजक्या रेषांत पकडणारी त्यांची रेखाचित्रे रंगचित्रांहूनही टवटवीत वाटतात.

१९६१ मध्ये पद्मश्री आणि १९८९ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांना गौरविण्यात आले. १९९६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.