मॅट्रिक झालेल्या गरीब पोरांनी पुढं जायचं कुठं? कर्मवीरांनी थेट कॉलेजच काढलं

१९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. खेड्यातल्या पोरांचं घोडं फक्त फीपाशी अडत नव्हतं. शहरात राहायचं कुठं, खायचं काय, हा खरा प्रश्न होता. म्हणून १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवू लागली. पैसे संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. पोरं राबायची आणि शिकायची.

पण मॅट्रिकनंतर काय? १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. तिथंही ‘कमवा आणि शिका’ होतंच. १९५९ मध्ये भाऊराव गेले. ही योजना मात्र आजही अनेक कॉलेजांत सुरू आहे.