प्राध्यापक आंबेडकर

बाबासाहेब म्हटले की राज्यघटना, चवदार तळे, धर्मांतर एवढे आपल्या ओठांवर येते. ते याच मुंबईत कॉलेजचे प्राध्यापक होते, हे आपण विद्यार्थीच विसरतो. ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरच्या सभेच्या वेळी वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल उसळली. त्या वरळीत राहणाऱ्या आपल्याला तरी हे ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. पाणी वाढायला शिपाई नसेल तर तहान मारायची. पुढे मुंबई, १९०७ साली मॅट्रिक, केळुस्कर गुरुजींचा आधार, सयाजीरावांची शिष्यवृत्ती आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ. परत आल्यावर बडोद्यात मोठ्या पदावरच्या या माणसाला राहायला जागा मिळाली नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये, बिऱ्हाड परळच्या चाळीत. हा अस्पृश्य मास्तर काय शिकवणार, असे आरंभी मुलांना वाटले. पण तयारी अशी कसून की थोड्याच दिवसांत वर्ग तल्लीन होऊ लागला. इतर कॉलेजांतील मुलेही व्याख्यानाला येऊन बसू लागली. आणि त्याच इमारतीत, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी घेऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला! साताऱ्याचा शिपाई निदान निरक्षर असेल; हे तर पदवीधर होते. मुलांची अढी व्याख्यानांनी गेली, गुरुजनांची गेली नाही. यातले काय अधिक लागते हे वाचकांनीच ठरवावे.

सरकारी नोकरीमुळे ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’वर संपादक म्हणून त्यांना नाव घालता आले नाही. त्याच वर्षी पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेले कर्ज घेऊन ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. १९३५ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

१९४६ साली त्यांनी अमेरिकेतील निग्रो पुढारी डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवून, तेथील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. ड्यू बॉइस यांचे उत्तरही आले. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांना हा प्रश्न परका नव्हता.

त्याच वर्षी, २० जून रोजी, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दारे सर्व जातींना उघडी. दिवसा पोटासाठी राबणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे वर्ग भल्या सकाळी भरत. तास संपवून मुले कचेरी गाठत.