गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर : त्यांचे घर व त्यांचे विद्यालय

आमच्या सभेच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र योजिले आहे. संगीताच्या क्षेत्रातील त्यांच्या कामगिरीविषयी आजवर विपुल लिहिले गेले असून तज्ज्ञांनी ते अधिकाराने लिहिले आहे. आमचा तो अधिकार नाही. कुटुंबवत्सल वाचकांसमोर त्यांच्या घराची कथा मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे. कारण ज्या पुरुषाने गायन घरोघरी नेले, त्याला स्वतःचे घर किती लाभले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

पलुसकरांचे मूळ उपनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. विष्णुबुवांचा जन्म दि. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे एक लहानसे संस्थान. कृष्णा व पंचगंगा यांचा संगम जवळच, आणि नरसोबाची वाडीही हाकेच्या अंतरावर. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. तेव्हा ह्या बालकाने गाणे ऐकले ते प्रथम देवळाच्या सभामंडपात, टाळमृदंगाच्या संगतीत, बायाबापड्यांच्या मेळ्यात. दरबारी गाणे त्याने पुष्कळ उशिरा ऐकले. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात पंडितजी जेव्हा रामनामाकडे वळले, तेव्हा अनेकांनी आश्चर्य केले. आम्हांस मात्र त्यात आश्चर्य दिसत नाही. मनुष्य थकला म्हणजे बापाच्या घराकडे वळतो.

मुलगा हुशार होता, शाळेत जात होता, आणि चार यत्ता शिकून कोठे कारकुनी धरता तर घरच्यांस संतोषच वाटता. परंतु दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा अपघात होऊन त्याच्या डोळ्यांस इजा झाली. दृष्टी पार गेली नाही, पण इतकी अधू झाली की पुस्तकी शिक्षणाचा मार्ग खुंटला. औषधोपचारासाठी त्यास मिरजेस आणले. डोळे काही पूर्ववत झाले नाहीत, पण गळा चांगला आहे हे लोकांच्या ध्यानी आले आणि मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने तो गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी केवढ्या हालअपेष्टा सोसून मिळवली आणि महाराष्ट्रात आणली, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याकडची तालीम कडक होती. विष्णुबुवांनी तेथे वर्षानुवर्षे मेहनत केली ती १८९६ पर्यंत.

त्या वर्षी त्यांनी मिरज सोडली. त्याचे कारण म्हणून एक हकीकत सांगतात, ती आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी अवश्य ऐकावी. गावात काही समारंभ होता. विष्णुबुवांवर राजाची मर्जी असल्यामुळे त्यांस सन्मानाचे आमंत्रण होते, परंतु त्यांच्या गुरूंस नव्हते. कारण गुरू झाले तरी ते गवईच. ज्या पंगतीत माझ्या गुरूला पान नाही, तेथे माझा मान तो कसला, हे शल्य त्या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या मनात रुतले. येथे कोणा एका गावाला बोल लावण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी त्या काळी मुंज, लग्न, डोहाळजेवण यांत गाण्यावाचून अडत असे, तीच आपली प्रतिष्ठित कुटुंबे गवयाला ओटीवर बसवीत, बिदागी देत आणि माजघराच्या उंबऱ्याशी थांबवीत. घरातील मुलीने गुणगुणले तरी वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडे. विष्णुबुवांनी पुढे जे सारे केले ते ह्या आठीविरुद्ध केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मिरजेहून ते सातारा, बडोदे, काठेवाड असे करीत उत्तरेकडे गेले. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा तो प्रवास होता. राजाश्रय मागून घ्यायचा नाही, तिकीट लावून लोकांपुढे गायचे आणि लोकांच्या पैशावर विद्या जगवायची, हा संकल्प ह्या भ्रमंतीत पक्का झाला. आणि दि. ५ मे १९०१ रोजी, पंजाबच्या भर उन्हाळ्यात, त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ज्या दिवसांत आपल्याकडे माणसे सुटीसाठी गावाकडे परततात, वाड्यात लेकीसुना जमतात, अंगणात आंब्याच्या आढ्या उघडतात, त्या दिवसांत हा कुरुंदवाडचा मनुष्य घरापासून शेकडो कोस दूर, परक्या मुलखात, विद्यार्थ्यांची वाट पाहत तंबोरा घेऊन बसला होता. आरंभी विद्यार्थी फारसे आलेच नाहीत. तरी शाळेची वेळ झाली की ते येऊन बसत आणि एकटेच गात. हळूहळू लोक येऊ लागले.

विद्यालयाचा जो भाग आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो तो म्हणजे उपदेशक वर्ग. संगीताचे प्रचारक तयार करण्यासाठी हा वर्ग होता. मुलाने नऊ वर्षे राहण्याचा करार करावयाचा. मध्येच सोडून जावयाचे नाही. त्याबद्दल त्याचे शिक्षण, राहणे व जेवण विद्यालयाकडे. दक्षिण महाराष्ट्रातील गरीब घरांतून किती मुले ह्या वर्गात गेली! मिरजेचे विनायकराव पटवर्धन लाहोरास गेले तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. कोल्हापूरचे व्यास बंधू शंकरराव व नारायणराव, मिरजेचे बा. र. देवधर, भडोचकडील ओंकारनाथ ठाकूर, पुढे साबरमतीच्या आश्रमात गेलेले नारायण मोरेश्वर खरे, हे सारे ह्याच छत्राखाली वाढले. मुलांनी पहाटे उठावे, मेहनत करावी, व्यायाम करावा, पोशाख स्वच्छ ठेवावा, व्यसनाच्या वाऱ्यास उभे राहू नये, असा दंडक होता. गवई म्हणजे ढिला मनुष्य ही समजूत पुसायची तर ती पोरांच्या अंगरख्यापासून पुसली पाहिजे, हे पंडितजींनी ओळखले होते. ते स्वतः करारी होते, कधी कठोरही होते. आज कोणी नऊ वर्षांचे पोर असे दूरदेशी पाठवणार नाही. परंतु घरी दोन वेळच्या अन्नाची भ्रांत असलेल्या आईबापांनी तो करार कोणत्या मनाने केला असेल, हे आपल्या ज्ञातीतील वारावर जेवून शिकलेल्या पिढीच्या वंशजांस समजावून सांगावे लागू नये.

आणि हा सारा प्रपंच चालविणारे घर एकाच दांपत्याचे होते. पंडितजींच्या पत्नी रमाबाई यांचे नाव चरित्रांत क्वचित येते, आले तरी एका ओळीत. विद्यालयात मुलगे किती, दौऱ्यावर कोण गेले, पुस्तके किती छापली, सारे लिहिलेले सापडते. पण ह्या माउलीने किती सोसले त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्यांना बारा अपत्ये झाली आणि त्यांतील अकरा गेली. वाचकहो, हा आकडा वाचून आम्ही लेखणी खाली ठेवली होती. त्या काळी बालमृत्यू घरोघर होते हे खरे. पण अकरा वेळा पाळणा रिकामा झालेल्या घरात परक्यांची मुले पहाटे उठून षड्ज लावीत होती आणि ते घर चालू होते. ह्या स्वरांनी त्या मातेस दिलासा मिळत असेल की यातना होत असतील, हे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

१९०८ मध्ये विद्यालय मुंबईत आले. गायनाच्या पुस्तकांची छपाई, स्वरलिपी, वाद्यांची दुरुस्ती, स्त्रियांसाठी वर्ग असे अनेक उद्योग त्याच्या जोडीस होते. स्त्रियांच्या वर्गाचे महत्त्व आज कळणार नाही. ज्या घरांत मुलीचे गाणे हा कुळाला डाग मानीत, त्या घरांच्या मुली पुस्तक व तंबोरा घेऊन दिवसाउजेडी शिकावयास जाऊ लागल्या, आणि शिकवणारा पुरुष इतका निष्कलंक की बोट ठेवावयास जागा नाही. पंडितजींच्या कडक शिस्तीविषयी कुरकुर करणाऱ्यांनी ही गोष्ट विचारात घ्यावी.

मुंबईत सँडहर्स्ट रस्त्यावर विद्यालयाची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली, ती कर्ज काढून. पंडितजी गावोगाव जलसे करीत आणि कर्ज फेडीत. पुढे त्यांचे चित्त रामभक्तीकडे ओढले गेले. भगवी वस्त्रे आली, तुलसीरामायणावरील प्रवचने आली, जलसे कमी झाले, आणि जलसे कमी झाले तसे उत्पन्न आटले. अखेरीस १९२४ च्या सुमारास इमारत धनकोंनी लिलावात काढली. लोकवर्गणीवर उभे राहिलेले ते विद्यामंदिर वाचविण्यास लोक पुढे आले नाहीत. जलशास टाळ्या वाजविणारे पुष्कळ होते; हप्त्यास हात लावणारा निघाला नाही. आमच्याही सभेच्या वसतिगृहनिधीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्यात नवे काही वाटणार नाही. पंडितजी नाशिकास जाऊन रामनाम आधाराश्रमात राहू लागले.

मनाने ते खचले असावेत असा कोणाचा समज झाला असेल तर एक प्रसंग सांगितला पाहिजे. १९२३ मध्ये काकीनाडा येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. प्रतिवर्षीप्रमाणे पंडितजी वंदे मातरम् गाण्यास उभे राहिले. अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास हरकत घेतली. पंडितजींनी शांतपणे, पण ठामपणे ते मानण्याचे नाकारले आणि गीत शेवटपर्यंत म्हटले. राजाच्या समारंभातून गुरूच्या मानासाठी निघून गेलेला तरुण आणि हा पन्नाशीतील संन्यस्त वृत्तीचा पुरुष, दोन्ही एकच. आपल्या कलेची जागा कोठे आहे हे दुसऱ्याने सांगितलेले त्यांस कधी रुचले नाही.

रामनामाची जी धून त्यांनी लोकांच्या ओठी दिली, ती त्यांच्या शिष्यामार्फत महात्माजींच्या प्रार्थनेत गेली. १९३० मध्ये दांडीयात्रेत नारायणराव खरे महात्माजींबरोबर चालले होते. कुरुंदवाडच्या देवळात ऐकलेले कीर्तन असे देशाच्या रस्त्यावर आले.

नाशिकास दि. २८ मे १९२१ रोजी, पुन्हा एका उन्हाळ्यात, त्यांचे बारावे अपत्य जन्मले. हा मुलगा मात्र जगला. त्याचे नाव दत्तात्रेय. दत्तजयंतीच्या उत्सवात ज्याचे डोळे अधू झाले, त्याने पुत्रास दत्ताचे नाव द्यावे, ह्यात क्षमा होती, श्रद्धा होती की केवळ कुळाची रीत, ते ज्याचे त्याने ठरवावे. पित्याने मुलास गाणे शिकविण्यास आरंभ केला. पण आयुष्याची दोरी सरत आली होती. प्रकृती खालावली आणि दि. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस, जेथे गाणे शिकले त्याच गावी, त्यांनी देह ठेवला. एकोणसाठ वर्षे पुरी होऊन तीन दिवस लोटले होते. मुलगा दहा वर्षांचा होता.

मागे संपत्ती नव्हती, इमारत नव्हती. होते ते शिष्य. त्याच वर्षी ते एकत्र आले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढील वर्षी, दि. ८ मे १९३२ रोजी, विनायकराव पटवर्धनांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. आणि पंडितजींच्या पोरक्या मुलाच्या शिक्षणाचा भार ह्याच मंडळींनी उचलला. चुलतबंधू चिंतामणराव, नंतर विनायकराव, नंतर नारायणराव व्यास यांनी त्यास शिकविले. जे नऊ वर्षांचे असताना पंडितजींच्या पानावर जेवले, त्यांनी पंडितजींच्या मुलास आपल्या पानाशी बसविले. आपल्याकडे दत्तकविधानास होमहवन लागते, साक्षी लागतात. हे दत्तक त्यांवाचून झाले.

चौदा वर्षांचा असताना, १९३५ मध्ये, दत्तात्रेयाने जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात गाऊन पंजाबच्या श्रोत्यांस थक्क केले. त्यांतील कित्येकांनी त्याच्या पित्यास लाहोरात ऐकले असेल. पुढे द. वि. पलुसकर हे नाव साऱ्या हिंदुस्थानात गाजले. आवाज गोड, गाणे निर्मळ, वर्तन त्याहून निर्मळ. १९५२ मधील ‘बैजू बावरा’ चित्रपटातील जुगलबंदी तर गाण्याचा गंध नसलेल्यांनीही ऐकली आहे. १९५५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, अल्पशा दुखण्याने ते गेले.

आमच्या सभासद कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस विचारावे. उन्हाळ्याच्या सुटीत भावंडे, आत्या, मावश्या जमल्या, दुपारची जेवणे उरकली, पन्हे झाले, की कोणीतरी फोनोवर पलुसकरांची तबकडी लावी. तीन मिनिटांत मीराबाईचे किंवा तुलसीदासांचे एक भजन होई, पुन्हा लावा असा आग्रह होई, आणि आजीबाई वाती वळता वळता थांबत. गवयाला उंबऱ्याशी थांबविणाऱ्या घरांतच हे घडत होते. त्या तबकड्या आता झिजल्या, तबकड्या वाजविणारी यंत्रेही माळ्यावर गेली. गाणे नव्या साधनांत उतरले. मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांचे एक सत्र एप्रिल-मे महिन्यांतच येते. त्यामुळे आंबे पिकू लागले की आपल्या कितीतरी घरांतील मुली सकाळी उठून तंबोरा जुळवितात, आणि सुटीस आलेल्या पाहुण्यांची झोपमोड होते.